धुण्याच्या खोलीतला धूर

स्क्लेटी, ४ ऑक्टोबर १९८१

हेक्टर,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. आई गेली तेव्हा तू कॅनडातून फुलं पाठवलीस आणि स्वतः आला नाहीस. त्या दिवसापासून तुला लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि ते पाळलंही. हट्टाच्या बाबतीत बाबा, तू आणि मी, तिघंही एकाच पोत्यातले.

तर कारण असं की बाबा आजारी आहेत. अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. ॲबर्डीनच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, फोटो काढले, आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की घरी न्या, त्यांना आवडेल ते द्या. नाताळ बघतील म्हणाले, पुढचं सांगता येत नाही. आवडेल ते द्या म्हणणं सोपं आहे. घशाखाली उतरतच काही नाही. दूध परत येतं. मटणाचं पाणी दिलं तर म्हणतात, भांडी धुतलेलं पाणी मला कशाला पाजतेस. अंगावर मांस उरलेलं नाही, पण जीभ जशीच्या तशी आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच.

गेल्या मंगळवारी मी उशी नीट करत होते, तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाले, “हेकची ती काळी असती तर उतरली असती.”

बारा वर्षांत तुझं नाव त्यांच्या तोंडून निघालं ते असं. मी उशी थोपटत राहिले. बोलले असते तर त्यांनी शब्द फिरवला असता.

तुझी काळी म्हणजे ओट्स घातलेली ती स्टाउट बिअर. चांगलीच आठवते मला. अंगणातल्या धुण्याच्या खोलीत, आईच्या कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात तू ती बनवायचास आणि बाबा जाता-येता टोमणे मारायचे, की ओट्स घोड्यांना घालायचे असतात, बिअरला नाहीत. आणि मग तीच बिअर त्यांनी गुपचूप जत्रेतल्या स्पर्धेला नेली, स्वतःच्या नावावर लावली आणि चांदीचा कप घेऊन व्यासपीठावरून भाषण केलं. तू तंबूच्या दाराशी उभा होतास. टाळ्याही वाजवल्यास, मी बघितलं. आणि कापणी होताच बोटीत बसलास. कप अजून चुलीवरच्या फळीवर आहे. आईने त्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं होतं, म्हणजे त्यावर कोरलेलं ‘अलेक गेरी’ हे बाबांचं नाव दिसू नये. बाबांनी तो कधी परत सरळ केला नाही. ही गोष्ट तुला माहीत नसेल, म्हणून लिहिते.

मी त्यांची बाजू घेत नाहीये. चुकलंच त्यांचं. पण आता ते सत्तेचाळीस किलोचे आहेत, हेक, आणि एवढ्याशा माणसावर एवढा मोठा राग धरायचा म्हणजे राग ठेवायला जागाच पुरत नाही.

ये. जमत नसेल तर निदान ती बिअर कशी करायची ते तरी कळव.

इना


स्क्लेटी, ८ नोव्हेंबर

हेक्टर,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला धान्याच्या कोठाराचं चित्र, आणि मागे हे: ‘ओट्स दहात एक. आधी लापशीसारखे शिजवून घे, मग माल्टमध्ये मिसळ. साखर नको. इथे मला ती कधीच तशी जमली नाही, पाणी वेगळं असेल. हेक्टर.’

उलटं करून, सुलटं करून वाचलं. बाबा कसे आहेत, हा प्रश्न कुठे कोपऱ्यात तरी असेल म्हणून शोधला. बाप मरतोय असं कळवलं आणि उत्तर आलं ते ओट्सचं. पण दोष कुणाला देऊ? ‘जमत नसेल तर’ हे मीच लिहिलं होतं. पळून जायला वाट मीच ठेवली, आणि तू त्या वाटेने गेलास.

असो. करायला घेतलं.

पहिल्यांदा वाया गेली. मला वाटलं, ओट्समुळेच जर ती मऊ होते तर दुप्पट घातले की दुप्पट मऊ होईल, बाबांच्या घशाला तेवढाच आराम. पिंपात गरम पाण्यात सातूचं माल्ट भिजवलं, त्यात शिजवलेले ओट्स ओतले, तासाभराने खालची तोटी उघडली तर थेंब नाही. फुंकून बघितलं, काडी घालून बघितलं. आत सगळ्याची खळ झाली होती. शेजारचा डॉड रेनी माल्ट दळून द्यायला आला होता, तो पिंपात डोकावून म्हणाला, “इना, भिंतींना नवीन कागद चिकटवायचा असेल तर हे ठेव जपून.” सगळं कोंबड्यांना घातलं. मग त्या खोलीत बादलीवर बसून मी रडले. कॅन्सरचं कळलं तेव्हा रडले नव्हते, तोटी तुंबली म्हणून रडले.

घरात आले तर बाबा म्हणाले, “फोलं घातली नाहीस ना?” मी म्हटलं, कसली फोलं? तर म्हणाले की ओट्सवरची टरफलं. “हेक ओंजळभर फोलं मिसळायचा. त्यातून रस वाट काढतो. नाहीतर तुंबणारच.”

तू मला हे लिहिलं नव्हतंस. विसरला असशील. पण त्यांना कसं माहीत? ते तर त्या खोलीत पाऊल टाकत नसत. मग लक्षात आलं. त्यांच्या पलंगाशेजारच्या खिडकीतून धुण्याच्या खोलीचं दार सरळ समोर दिसतं. टोमणे मारून माणूस इथे येऊन बसायचा आणि बघायचा. सगळा हिवाळा बघत असणार.

दुसऱ्यांदा फोलं घातली. ओट्स आईच्याच लापशीच्या भांड्यात शिजवले, तिच्याच काठीने, उजव्या हाताने, तिने शिकवलं तसं उजवीकडे ढवळत. डोकं भलतीकडेच होतं, हात त्यांचं त्यांचं काम करत होते. या वेळी तोटीतून काळा रस बारीक धारेने आला आणि येत राहिला. मग हॉप्सची कडू फुलं घालून उकळला, निवल्यावर यीस्ट घातलं. आता पिंपात पुटपुटतोय. बाबा रोज विचारतात, बोलतेय का ती? मी सांगते, बोलतेय.

खिडकीची गोष्ट तुला कळावी म्हणून हे पत्र. ओट्सबद्दल आभार मानायला नाही.

इना


स्क्लेटी, २ डिसेंबर

हेक,

बाटली उघडली. अजून कोवळी आहे, आणखी पंधरा दिवस थांबायला हवं होतं, पण थांबायला आमच्याकडे दिवस आहेत कुठे? फेस पातळ आला आणि बसलाही लगेच. डॉड म्हणतो ओट्समध्ये तेल असतं, त्याने असं होतं. फेसाचं कुणाला पडलंय.

आधी मी चाखली आणि मला खुर्चीत बसावं लागलं. तीच होती, तुझी. आणि का तीच होती, तेही मला तत्क्षणी कळलं. पाण्याचा दोष नाही रे तिकडे. तुझ्या कृतीत एक गोष्ट कमी आहे, ती तुला कधी माहीतच नव्हती. मला कळली आहे. पण सांगणार नाही. इथे येऊन विचार, मग सांगते. मुलांना गोळीचं आमिष दाखवावं तसं हे झालं, पण मला दुसरं काय सुचणार?

बाबांना चमच्याने पाजली. पहिला चमचा त्यांनी बराच वेळ तोंडात धरला. मला वाटलं परत येणार, मी रुमाल पुढे केला. उतरली. मग दुसरा. आठ-दहा चमचे गेले असतील. दुधाचे दोन जात नव्हते. गालांवर जरा रंग आला. मग डोळे उघडून माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघितलं आणि विचारलं, “हेक कुठाय?”

नर्स टॉश रोज सकाळी मॉर्फिनचं इंजेक्शन देऊन जाते. त्या औषधाने माणूस जरा इकडचं तिकडे करतो. पण त्या वेळी ते पूर्ण शुद्धीत होते. जिभेने सांगितलं ते त्यांनी मानलं, एवढंच. ही चव दुसऱ्या कुणाच्या हातून येत नाही, मग हेक आलाच असणार.

मी उत्तर दिलं. काय दिलं ते कागदावर लिहीत नाही. फक्त ये. नाताळच्या आत आलास तर माझं उत्तर खरं ठरेल आणि मग आपण दोघं म्हातारपणी त्यावर हसू.

तुझी इना


स्क्लेटी, १७ डिसेंबर

हेक,

तुझ्या कारखान्यात फोन केला होता. पोस्टातून, सगळ्या गावाच्या देखत, ओरडून बोलावं लागलं. कुणीतरी माणूस म्हणाला, हेक्टर पलीकडे काम करतोय, निरोप देतो. नाव विचारलं, मी ‘बहीण’ म्हटलं. म्हणजे निरोप तुला मिळालाय. आता पत्र पोचलं नाही असं म्हणायची सोय नाही.

इथे बर्फ पडलंय. मी रोज दुपारी धुण्याच्या खोलीतली चूल पेटवते. कपडे धुवायचे नसतात, बिअर करायची नसते, तरी पेटवते. डॉड म्हणाला, इना, रिकामी खोली शेकून काय मिळतं तुला? मी म्हटलं, तुझा कोळसा जळतो का? त्याला वाटतं जागरणाने माझं डोकं फिरलंय.

बाबांनी त्यांचे लोकरी हातमोजे दिलेत, तुझ्यासाठी. तिथे बाटल्या धुताना हात फुटतात म्हणाले. मी घेतले आणि नेऊन ठेवले.

आणखी लिहीत नाही. तू हुशार आहेस, समजून घे काय चाललंय ते. आणि मला यातून सोडव, हेक. याहून जास्त विनवणी मला येत नाही. लहानपणी तुला ओढ्यातून बाहेर काढलं होतं तेव्हा तू माझे केस धरले होतेस, सोडत नव्हतास. मी आता तसंच काहीतरी धरायला बघतेय.

इना


स्क्लेटी, ६ जानेवारी १९८२

हेक,

बाबा गेले. एक तारखेला, दुपारी. काल पुरलं, आईच्या शेजारी. शवपेटी खाली सोडायचे दोर डॉडने आणि गिरणीवाल्यांनी धरले. डोक्याकडचा दोर मुलाने धरायचा असतो, तो डॉडने धरला. लोकांनी विचारलं नाही. लोक बरे आहेत इथले, पाठीमागे विचारतात.

त्यांना शांत मरण आलं असं मी सगळ्यांना सांगितलंय. तुलाही तसंच लिहिणार होते. एक पत्र तसं लिहिलंही आणि चुलीत घातलं. तुला खरं कळलंच पाहिजे. माझ्या एकटीच्याने ते उचलवत नाही.

‘हेक कुठाय’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, “धुण्याच्या खोलीत आहे. बाटल्या धुतोय.”

तोंडातून निघून गेलं. त्यांच्या गालांवरचा तो रंग जाऊ नये म्हणून. वाटलं, खोटं आहे खरं, पण विमान येईपर्यंतच तर ताणायचंय. तू येशील याची मला एवढी खात्री होती. ते म्हणाले, बोलव. मी म्हटलं, तो अजून रागात आहे बाबा, जरा वेळ द्या. ते त्यांना लगेच पटलं. म्हणाले, “गेरी आहे. चढायला वेळ लागत नाही, उतरायला लागतो.” हसले सुद्धा.

मग ते वाट बघायला लागले. पलंग खिडकीला लावून घेतला. धुराड्यातून धूर आला की म्हणायचे, पेटवली वाटतं त्याने. म्हणून चूल. मी त्यांना दिसू नये म्हणून त्या खोलीच्या मागच्या दाराने शिरायची, पेटवायची, आणि दुसऱ्या बाजूने घरात यायची. घरात काही शिजलं की ‘आधी त्याला ने’ म्हणायचे, मी नेऊन कोंबड्यांना घालायची. डॉडच्या लक्षात आलं असावं, कारण एक दिवस तो कोळशाची पाटी दाराशी ठेवून गेला.

नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फळीवरचा कप काढायला लावला. फडक्याने नाही, स्वतःच्या बाहीने पुसला. म्हणाले, “हा त्याला दे. त्याचाय.” एवढंच. पण बारा वर्षं लागली होती त्या शब्दांना घशातून वर यायला, आणि घसा तर असा. मी कप घेतला, बर्फातून चालत गेले, त्या रिकाम्या खोलीत हंड्याच्या काठावर ठेवला आणि परत आले. ते दाराकडेच बघत होते.

“काय म्हणाला?”

हेक, इथे मला एक वाक्य जास्त बोलता आलं असतं. ‘डोळे भरले त्याचे.’ ‘येतो म्हणाला.’ काहीही चाललं असतं. एवढं खोटं बोलले होते, त्यात आणखी एकाने काय बिघडणार होतं? पण त्या क्षणी मला तुझा एवढा संताप आला होता की तुझ्या तोंडी एक चांगला शब्द घालणं माझ्याने झालं नाही. मी म्हटलं, “काही नाही म्हणाला.”

त्यांनी मान हलवली. पण वाट बघणं सोडलं नाही. त्यांनी मनाशी हिशेब मांडला की नव्या वर्षाला येईल. तू काळ्या केसांचा, म्हणून दर वर्षअखेरीला आई तुला बाहेर घालवायची आणि वर्ष उजाडलं की कोळशाचा खडा हातात घेऊन उंबरठा पहिला तूच ओलांडायचास. बाईचं पाऊल पहिलं पडलं किंवा लाल केसांच्या माणसाचं पडलं तर वर्ष वाईट जातं. बाबा म्हणाले, रुसवा सोडून आत यायला त्याला निमित्त हवंय, मी ओळखतो त्याला, त्या दिवशी तो येणार. मला म्हणाले, त्याच्या आधी कुणाला आत घेऊ नकोस.

एक तारखेला सकाळी नर्स टॉश आली. डॉड तिला ट्रॅक्टरवरून घेऊन आला होता, रस्ता बंद होता. दोघं दाराशी उभी. ती बाईमाणूस, आणि डॉडचे केस लाल. बाबांना वेदना सुरू झाल्या होत्या, औषध तिच्या पिशवीत होतं, आणि ते दात आवळून म्हणत होते, थांबव तिला, हेक येतोय. मी दार धरून उभी राहिले. वेड्यासारखी. आत बाप विव्हळतोय, बाहेर औषध उभं आहे, आणि मी एका माणसाच्या पावलाची वाट बघतेय जो समुद्रापलीकडे आहे, हे मलाच तर माहीत होतं. तरी मी धुण्याच्या खोलीकडे बघत होते. देवाशपथ सांगते, एक क्षण मलाही वाटलं की ते दार उघडेल.

शेवटी नर्स टॉश म्हणाली, “इना, बाजूला हो ग.” मी झाले. ती आत आली.

बाबांनी तिचे बूट बघितले. मग तिच्या मागे कुणी आहे का ते बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं. त्यांचं शेवटचं वाक्य मी तुला जसंच्या तसं देते, कारण ते तुझं आहे, त्या कपासारखंच. म्हणाले, “नाही आला. बरोबर आहे त्याचं.”

औषधाने झोप लागली ती मग मोडली नाही.

म्हणजे बघ, तू आला नाहीस तरी मी खरं सांगितलं असतं, तर मुलगा लांब आहे, येऊ शकला नाही, एवढंच दुःख घेऊन ते गेले असते. माझ्यामुळे त्यांचा मुलगा महिनाभर अंगणापलीकडे होता आणि तरी आत आला नाही. हे मी केलं. तुझ्या मदतीने केलं, पण केलं मी.

आता ती राहिलेली गोष्ट. मीठ. आईला ओट्स शिजताना दिसले की ती चिमूटभर मीठ टाकायचीच, भांड्यात काय होणार याचा विचार न करता. अळणी लापशी तिच्या मते घोड्यालाही देऊ नये. तुझी पाठ वळली की टाकायची, मी कितीदा पाहिलंय, पण त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटायचं. या वेळी माझ्या हाताने तेच केलं. तुला तिकडे जमत नाही कारण तिकडे तुझ्या पाठीमागे कुणी उभं नसतं. घालून बघ. दोन बोटांत मावेल तेवढंच.

कप खोलीतच आहे, हातमोजेही. सहा बाटल्या उरल्यात. एक त्यांनी तुझ्यासाठी बाजूला काढायला लावली होती. उन्हाळ्यापर्यंत टिकेल, पुढे आंबेल.

आज सकाळी उठले आणि सवयीने जाऊन चूल पेटवली. मग हंड्याशी उभी राहिल्यावर आठवलं की आता कुणाला दाखवायचंय? विझवावीशी वाटली नाही. घरात येऊन बाबांच्या पलंगावर, त्यांच्या जागी बसले आणि खिडकीतून बघत राहिले. धूर सरळ वर जात होता. तिथून खरंच वाटतं, हेक. आत कुणीतरी आहे आणि त्याला यायचं नाहीये, असंच वाटतं.

इना